मुदतीचा ताप : समज, गैरसमज आणि प्रतिबंध



वार्षिक अहवालाच्या पानांवर जमाखर्च, ताळेबंद आणि रुग्णसंख्येचे तक्ते यांना मानाचे स्थान असते व ते योग्यच आहे. परंतु ज्या रोगांपायी हा सर्व खर्च होतो, त्या रोगांची ओळख समाजाला करून देणे हेही धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य आहे, अशी आमची धारणा आहे. म्हणून या अहवालात विषमज्वर, म्हणजेच टायफॉइड, आणि त्याच्या जोडीने पचनमार्गाचे इतर संसर्ग यांविषयी सविस्तर माहिती देण्याचे योजिले आहे. आम्ही प्रशासनाची मंडळी. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. येथील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांशी चर्चा करूनच लिहिला आहे. मात्र केसपेपरच्या खिडकीवर आणि बिलाच्या टेबलावर नातेवाइकांचे जे बोलणे नित्य कानी पडते, ते आमच्याइतके कोणी ऐकत नसेल. "याला दरवर्षी टायफॉइड होतो", "ताप उतरला, आता सुट्टी द्या", "एक सलाईन लावली की बरे वाटेल" ही वाक्ये पावसाळ्यात आम्ही रोज ऐकतो. ही तिन्ही वाक्ये वरवर साधी आहेत. पण तिन्हींत एकेक गैरसमज दडलेला आहे आणि त्याची किंमत बहुधा गरीब कुटुंबालाच मोजावी लागते.

या लेखाचा मथितार्थ आधीच सांगतो. प्रत्येक ताप टायफॉइड नसतो. आणि खरा टायफॉइड हा दोन दिवसांच्या गोळ्यांनी जाणारा ताप नसतो. या दोन गोष्टी ज्या घराला समजल्या, त्या घराचा पैसा, वेळ आणि प्रसंगी घरातील माणूसही वाचतो.

नावातच सांगितलेले लक्षण

आपल्याकडील जुन्या माणसांनी या रोगाला 'मुदतीचा ताप' असे नाव दिले. ते अत्यंत समर्पक आहे. हा ताप आपली मुदत भरल्याशिवाय जात नाही. सात, चौदा, एकवीस असे दिवस मोजावे लागतात, हे प्रतिजैविक औषधे नव्हती त्या काळच्या लोकांनी अनुभवाने जाणले होते. त्या काळी या रोगाने शंभरांतील दहा ते तीस रुग्ण दगावत. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध या रोगावर गुणकारी ठरले आणि चित्र पालटले. आज योग्य उपचार वेळेवर मिळाले, तर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहून कमी राहते. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात वर्षाकाठी सुमारे ९० लाख लोकांना टायफॉइड होतो आणि सुमारे १ लाख १० हजार लोक त्याला बळी पडतात. औषध उपलब्ध असलेल्या रोगाने एवढे मृत्यू व्हावेत, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

या रोगाचा जंतू साल्मोनेला टायफी या नावाने ओळखला जातो. त्याचाच भाऊबंद साल्मोनेला पॅराटायफी हा पॅराटायफॉइडला कारणीभूत होतो. दोहोंना मिळून आंत्रज्वर म्हणतात, कारण जंतू आतड्यांतून शरीरात शिरतो. टायफीची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा जंतू माणसाखेरीज अन्य कोणत्याही प्राण्यात वस्ती करीत नाही. गाय, म्हैस, कोंबडी, डास यांच्यापासून टायफॉइड होत नाही. ज्याला टायफॉइड झाला, त्याच्या पोटात कोणत्या तरी दुसऱ्या माणसाच्या विष्ठेचा अंश पाण्यावाटे अथवा अन्नावाटे गेला, एवढाच त्याचा अर्थ. ऐकावयास हे किळसवाणे वाटते. परंतु या रोगाचे सगळे प्रतिबंधशास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

पोटात नेमके काय घडते

दूषित घोटाबरोबर जंतू लहान आतड्यात पोहोचतो. तेथे आतड्याच्या शेवटच्या भागात लसिका-ग्रंथींचे पुंजके असतात. वास्तविक ते शरीराचे पहारेकरी; पण हा जंतू त्यांच्यातच शिरून वाढतो. तेथून तो रक्तात उतरतो आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा यांत मुक्काम करतो. या सर्वांस साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात, क्वचित त्याहूनही अधिक. तोपर्यंत रुग्ण हिंडत-फिरत असतो. म्हणून ताप आला त्या दिवशी "काल लग्नात जेवला होता, त्यानेच झाले" असे जे म्हटले जाते, ते टायफॉइडच्या बाबतीत चुकीचे असते. खरा अपराधी घोट पंधरा दिवसांपूर्वीचा असतो व तो कोणाच्याच स्मरणात राहत नाही.

मग ताप सुरू होतो. तो एकाएकी चढत नाही. पायरीपायरीने दररोज थोडा अधिक चढत जातो. डोके दुखते, भूक मरते, जिभेवर पांढरा थर येतो, अंग मोडून येते. मोठ्या माणसांस पुष्कळदा जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ होते. त्यामुळे हा पोटाचा आजार आहे हेच लक्षात येत नाही. उपचार झाले नाहीत, तर दुसऱ्या आठवड्यात रुग्ण ग्लानीत जातो. सर्वांत धोक्याचा काळ तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराचा. आतड्यातील त्या ग्रंथींच्या जागी व्रण झालेले असतात. त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला छिद्र पडू शकते. छिद्र पडले की तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो आणि त्यासाठी आपल्या भागातील रुग्णाला बुलढाणा, जळगाव किंवा अकोला गाठावे लागते. तापाच्या रुग्णाचे पोट एकाएकी असह्य दुखू लागले, फुगून कडक झाले, शौचावाटे रक्त अथवा डांबरासारखे काळे पडू लागले, किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असो वा दिवस, एक तासही वाया घालवू नये.

प्रत्येक ताप टायफॉइड नव्हे

आता "याला दरवर्षी टायफॉइड होतो" या वाक्याकडे वळू. बहुतेक वेळा या वाक्यामागे एक कागद असतो व त्यावर 'विडाल पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते. विडाल ही तपासणी फ्रान्समधील डॉक्टर विडाल यांनी १८९६ मध्ये प्रचारात आणली. ती स्वस्त आहे, लवकर होते. म्हणून गावोगावी रूढ झाली. परंतु ती जंतू शोधत नाही; जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा दुसराच एखादा ताप असेल, तरीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. याउलट खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात प्रतिद्रव्ये पुरेशी वाढलेली नसल्याने ती निगेटिव्ह येऊ शकते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ती जुन्या वहीतील नोंद दाखविते. आजची शिल्लक दाखविलच असे नाही.

या संदर्भात एका महत्त्वाच्या अभ्यासाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भाग अशा चार ठिकाणी सहा महिने ते चौदा वर्षे वयाच्या सुमारे २४ हजार मुलांवर सातत्याने लक्ष ठेवून, ताप आलेल्यांच्या रक्तातून प्रत्यक्ष जंतू वाढवून टायफॉइडची मोजणी करण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ टायफॉइडचे रुग्ण आढळले. पुण्याच्या ग्रामीण भागात मात्र हा आकडा केवळ ३५ इतका होता. रक्तातून जंतू वाढविण्याच्या तपासणीत खऱ्या रुग्णांपैकी सुमारे निम्मेच सापडतात, हे गृहीत धरून आकडा दुप्पट केला तरी तो अल्पच राहतो. एका भागाचे प्रमाण सर्व ग्रामीण महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू होत नाही, हे खरे. तरीपण खेड्यातील प्रत्येक दुसऱ्या तापाला टायफॉइड म्हणणे किती धाडसाचे आहे, ते यावरून दिसते.

मग हे इतर ताप कोणते? हिवताप, डेंग्यू, विषाणूजन्य ताप, लघवीच्या मार्गाचा संसर्ग आणि स्क्रब टायफस. शेवटच्या नावाचा टायफॉइडशी केवळ उच्चारापुरता संबंध आहे. गवत व झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म चिगर-कीटकाच्या चाव्यातून हा ताप होतो. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. त्यावर डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध उत्तम काम करते. परंतु टायफॉइडसाठी सामान्यतः दिल्या जाणाऱ्या सेफ गटातील इंजेक्शनांचा त्यावर उपयोग होत नाही. शेतात, धुऱ्यावर, गुरांच्या चाऱ्यासाठी गवतात वावरणाऱ्या माणसाच्या तापाला विडालच्या कागदावरून टायफॉइड ठरविले आणि आठ दिवस तीच इंजेक्शने चालू राहिली, तर काय होईल ते सांगावयास नको. अशा रुग्णाच्या काखेत, जांघेत, कमरेवर करपल्यासारखा काळा डाग आहे का, हे घरच्यांनीही पाहावे व डॉक्टरांस दाखवावे.

टायफॉइडच्या निदानासाठी भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. यात रुग्णाचे रक्त पोषक द्रावणाच्या बाटलीत घेऊन जंतू वाढू दिला जातो. निकालास दोन ते पाच दिवस लागतात. पण त्यातून दोन उत्तरे मिळतात. जंतू कोणता, हे पहिले. आणि कोणत्या औषधाने तो मरतो, हे दुसरे. मात्र हे रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतले गेले पाहिजे. बाहेरून दोन गोळ्या घेऊन आलेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू सापडण्याची शक्यता लक्षणीय घटते. म्हणून आमचे डॉक्टर आधी रक्त घेऊन मग औषध सुरू करतात, तेव्हा नातेवाइकांनी तो विलंब समजू नये, ही विनंती.

औषधाची मुदत

"ताप उतरला, आता सुट्टी द्या" या वाक्यामागील अडचण आम्ही जाणतो. रुग्णाजवळ एक माणूस बसून राहिला म्हणजे त्याचीही मजुरी बुडते. कपाशीची निंदणी, मक्याची सोंगणी, सोयाबीनची काढणी कोणासाठी थांबत नाही. परंतु टायफॉइडच्या बाबतीत ताप उतरणे आणि रोग जाणे या भिन्न गोष्टी आहेत. जंतू यकृत, पित्ताशय व अस्थिमज्जेत दडून असतो. औषधाचा कोर्स, तो सात दिवसांचा असो वा चौदा दिवसांचा, डॉक्टरांनी सांगितला तितका पूर्ण झाला नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तोच ताप पुन्हा उलटतो. उलटलेल्या तापाचा खर्च पहिल्याहून अधिक असतो, हे आमच्या बिलांच्या वह्या सांगतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. योग्य औषध सुरू झाले, तरी टायफॉइडचा ताप उतरावयास चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशीही ताप आहे म्हणून रुग्णाला उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेणे, तेथे नवे औषध, पुन्हा दोन दिवसांनी तिसऱ्या ठिकाणी, हा फेरा अनेक कुटुंबे करतात. त्यात औषध निष्फळ नसते. धीर अपुरा पडलेला असतो.

अर्धवट कोर्सचा परिणाम एका घरापुरता मर्यादित राहत नाही. जंतू त्या औषधाला सरावतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलीन आणि कोट्रायमोक्साझोल ही तिन्ही जुनी औषधे एकाच वेळी निकामी ठरविणारे टायफॉइडचे जंतू भारतात पसरले. नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन आले. आज आपल्या देशातील बहुतांश टायफॉइड जंतूंवर तेही भरवशाचे राहिलेले नाही. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा जंतू पसरला, तेव्हा अॅझिथ्रोमायसिनसारखी मोजकीच औषधे हाती उरली. औषधांचे भांडार अक्षय नाही. मुद्दल आहे ते जपून वापरावे, हे सांगावयास वैद्य असण्याची आवश्यकता नाही.

सलाईनविषयी दोन शब्द. सलाईन म्हणजे मीठ, साखर आणि पाणी. उलट्यांमुळे तोंडाने काही टिकत नसेल किंवा शरीर कोरडे पडले असेल, तर ती प्राण वाचविते. परंतु जंतूला मारण्याचा गुण तिच्यात नाही. ज्याला तोंडाने घेता येते, त्याला मऊ भात, वरण, खिचडी, ताक, पेज असा आहार द्यावा. मुदतीच्या तापात उपाशी ठेवण्याची जुनी प्रथा रुग्णाला केवळ अशक्त करते.

पचनमार्गाचे इतर संसर्ग

पोटात गेलेल्या घाणीतून केवळ टायफॉइड होतो असे नाही. कोणता रोग किती वेळाने प्रकट होतो, हे पाहिले की ओळख सुलभ होते.

काही तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले व एकाच पंगतीतील अनेकांना झाले, तर ती बहुधा अन्नविषबाधा असते. शिजवून बराच वेळ तसेच ठेवलेल्या अन्नात जंतू वाढून त्यांचे विष तयार होते. आपल्याच जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो भाविक आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्याने बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या, ते दृश्य सर्वांच्या स्मरणात असेल. उपवासाची भगर दमट जागी साठविली की तिला बुरशी लागते. भगरीचे पीठ तर फारच लवकर खराब होते. ती निवडून, ताजी आणून, ताजी शिजवून त्याच वेळी संपवावी.

काही तासांपासून पाच दिवसांच्या आत तांदळाच्या धुवणासारखे पाणचट जुलाब लागले, तर पटकीचा संशय घ्यावा. जुलाबात आव व रक्त असेल, तर ती आमांशाची खूण होय. लहान मुलांतील जुलाबाला पुष्कळदा रोटाव्हायरस हा विषाणू कारण असतो व त्याची लस २०१९ पासून महाराष्ट्राच्या शासकीय लसीकरणात मोफत मिळते. डोळे व लघवी पिवळी करणारी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई या प्रकारची, दोन ते दहा आठवड्यांनी उमटते. त्यांतील ई हा प्रकार गर्भवती मातेच्या जिवावर उठतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत.

या सर्व जुलाबांत पहिला उपचार एकच आहे : जलसंजीवनी. १९७१ मध्ये बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईनच्या बाटल्या संपल्यावर मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून वाटले आणि असंख्य प्राण वाचविले. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्रावण करावे आणि घोटाघोटाने पाजावे. मुलांस त्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. अंगावरचे दूध बंद करू नये.

पाण्याचा हिशेब

रोग अनेक असले, तरी त्यांची वाट एकच आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे हजारो लोकांना कावीळ झाली. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे उघड्या विहिरीचे पाणी पिऊन पटकीची साथ आली आणि माणसे दगावली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात पोटाच्या संसर्गामागोमाग हातापायांतील शक्ती जाण्याचा गुलेन बारी हा आजार अनेकांना झाला. मोठे शहर असो वा डोंगरातील वस्ती, पाण्याने कोणालाही वगळले नाही.

आपल्या मोताळा तालुक्यातही उन्हाळ्यात अनेक गावांत नळ काही दिवसांआड येतो. यात दुहेरी धोका आहे. पाणी वाहते तेव्हा नळवाहिनीत दाब असतो. ते थांबले की वाहिनी रिकामी होते आणि एखाद्या फुटक्या सांध्यातून बाजूच्या नालीचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यास घेऊ नये. दुसरा धोका साठवणीचा. पिंपात आठ दिवस ठेवलेल्या पाण्यात हात बुडवून तांब्या काढला की शुद्ध पाणीही दूषित होते. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ हा त्यावरील अल्पखर्ची उपाय होय. लग्नकार्यात व बाजारात सर्रास दिसणाऱ्या जारच्या पाण्याविषयीही सावध असावे. थंड म्हणजे शुद्ध नव्हे.

विहिरीच्या शुद्धीकरणाचे गणित प्रत्येक ग्रामस्थास करता यावे, इतके सोपे आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणून चाराने भागावे, म्हणजे घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर सुमारे २८ हजार लिटर पाणी झाले. पाणी नितळ आणि टीसीएल पावडर उत्तम प्रतीची असल्यास हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढते आणि ती चाचणी करून ठरवावी लागते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; पोते उघडे राहिले, उन्हात वा ओलीत पडले, तर तो उडून जातो आणि आपण पाण्यात निव्वळ चुना टाकीत राहतो. पावडर टाकल्यावर निदान अर्धा ते एक तास पाणी उपसू नये. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी चाचणीचे थेंब टाकले असता पिवळी छटा आली, तर क्लोरीन पोहोचला असे समजावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे काम करतो. ग्रामसभेत त्याची वही पाहण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. आपल्या गावास पाणी-गुणवत्तेचे हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले आहे, हेही विचारावे. घरी मात्र पाणी खळखळून एक मिनिट उकळणे पुरेसे आहे.

शुद्ध पाण्याइतकेच महत्त्व शौचालयास व साबणाने हात धुण्यास आहे. याच विदर्भाच्या मातीत जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन हे सांगितले आणि त्यांच्या नावाने राज्याने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. टायफॉइडमधून बरे झालेल्या शंभरांतील एक ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षाहून अधिक काळ राहतो. त्यांना कसलाही त्रास नसतो. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट होती. तरी तिने रांधलेल्या अन्नातून अनेक घरांत टायफॉइड पसरला आणि १९०७ मध्ये तिला प्रथम अलग ठेवण्यात आले. म्हणून आचारी, खानावळवाले, शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनी यांनी टायफॉइड झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेली शौचाची तपासणी अवश्य करावी. हा कोणाचा अपमान नव्हे. शेकडो ताटांची काळजी आहे.

लस

टायफॉइडची कॉंज्युगेट लस सहा महिन्यांवरील बालकांसही देता येते व तिचा एक डोस पुरतो. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ही लस दिली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत या लसीची झालेली जगातील ही पहिली मोहीम होय, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. लस घेतलेल्या मुलांत टायफॉइडचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. तथापि ही लस पॅराटायफॉइड, पटकी अथवा कावीळ यांपासून रक्षण करीत नाही. लस घेतली म्हणून विहिरीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आमची विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांस आमचे तीन गोष्टींसाठी सांगणे आहे. तीन दिवसांहून अधिक ताप राहिल्यास मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांस दाखवावे आणि पूर्वी काही घेतले असल्यास त्याचे रिकामे पाकीट सोबत आणावे. रक्ततपासणी औषधापूर्वी होऊ द्यावी. सुट्टी झाली तरी उरलेल्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्याव्यात. मजुरी बुडते किंवा औषध परवडत नाही, यास्तव कोर्स अर्धवट सोडण्याची वेळ आली, तर घरी निघून जाण्याऐवजी आधी कार्यालयात येऊन भेटावे. धर्मादाय रुग्णालये त्यासाठीच असतात. तेथे विचारण्यात कमीपणा नाही.

देणगीदारांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने रुग्णांना फळवाटप होते; त्यामागील भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. त्याच निमित्ताने एखाद्या गरीब रुग्णाच्या ब्लड कल्चरचा खर्च अथवा एका कोर्सची पूर्ण औषधे आपल्या नावे जमा झाली, तर त्या दानाचे मोल फार मोठे होईल. ब्लड कल्चरची बाटली, टीसीएलचे पोते, गोळ्यांचा चौदावा दिवस यांवर नावाची पाटी लावता येत नाही. पण रुग्ण तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशनच्या टेबलावर जाणार की शेतावर, हे पुष्कळदा याच वस्तू ठरवितात. विश्वस्त मंडळाने आगामी वर्षाचे अंदाजपत्रक करताना या बाबीस स्वतंत्र शीर्ष द्यावे, अशी प्रशासनाची शिफारस आहे.



प्रशासन विभाग
धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा